तुम्ही विचारलंत म्हणून : फुटलेल्या माणसाची साक्ष

दर जूनमध्ये आणीबाणीच्या आठवणी निघतात, मला कुठेतरी बोलायला बोलावले जाते, आणि फिलिपाइन्सचे हुकूमशहा फर्डिनांड मार्कोस यांच्या राजवटीविषयी बोलताना मी प्रिमितिवो मिहारेस यांचे नाव घेतले की प्रश्नोत्तरांच्या वेळी कोणीतरी उभे राहतेच. प्रश्न साधारण असा असतो : कराडच्या साहित्य संमेलनात आणीबाणीविरुद्ध उभ्या राहिलेल्या आणि पुढे तुरुंगात गेलेल्या दुर्गाबाई भागवतांच्या महाराष्ट्रात तुम्ही हुकूमशहाची चाकरी करून मग फुटलेल्या माणसाचे उदाहरण का देता? हा प्रश्न मी अनेकदा दोन वाक्यांत परतवला आहे, आणि त्या दोन वाक्यांनी माझेही कधी समाधान झालेले नाही, म्हणून आज सविस्तर लिहितो.

तुमच्या आक्षेपातील तथ्ये मला मान्य आहेत. मिहारेस पत्रकार होते आणि वकिलीची सनदही त्यांच्याकडे होती. म्हणजे २३ सप्टेंबर १९७२ रोजी मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, जाहीर झाला आणि छापखाने, रेडिओ व दूरचित्रवाणी केंद्रे लष्कराने ताब्यात घेतली, तेव्हा हे बेकायदा आहे हे समजण्याइतके शिक्षण त्यांचे नक्कीच झालेले होते. तरीही ते मार्कोस यांच्या निकटवर्तीयाच्या ‘डेली एक्स्प्रेस’मध्ये लिहीत राहिले, राष्ट्रीय पत्रकार संघाचे अध्यक्ष झाले, आणि १९७३ मध्ये वृत्तपत्रांवर नियंत्रण ठेवणारी जी माध्यम सल्लागार परिषद स्थापन झाली तिचेही प्रमुख झाले. ज्यांचे सहव्यवसायी छावणीत कोंडलेले होते, त्यांनी हे पद स्वीकारले. हे मी कधीही लपवलेले नाही आणि सौम्यही केलेले नाही.

काही जाणकार श्रोते तर मला पर्यायही सुचवतात : पत्रकार आणि वकीलच हवा असेल, तर नेपोलियन रामा यांच्याविषयी बोला. ही सूचना योग्य आहे. सेबूचे रामा ‘फिलिपाइन्स फ्री प्रेस’मध्ये लिहीत, १९७१ च्या घटना परिषदेवर ते निवडून गेले होते, मार्शल लॉ लागताच त्यांना अटक झाली, आणि विरोधी नेते निनॉय अकिनो यांच्याबरोबर सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या हेबिअस कॉर्पस (बेकायदा अटकेतून सुटका मागणाऱ्या) याचिकाकर्त्यांत त्यांचेही नाव आहे. सप्टेंबर १९७४ मध्ये त्या याचिका फेटाळल्या गेल्या. १९८६ मध्ये नवी राज्यघटना लिहिणाऱ्या आयोगात तेच रामा सभागृहाचे कामकाज चालवत होते. या चरित्रासमोर मी मनापासून नतमस्तक होतो. परंतु रामा आपल्याला राजवटीने बाहेरच्यांचे काय केले ते सांगू शकतात. आत बसून ती कशी चालवली जात होती, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. आणि आम्हा फौजदारी वकिलांना पहिल्यापासून शिकवले जाते की बंद खोलीत शिजलेल्या कटाचा साक्षीदार बहुधा त्याच खोलीतला असतो.

आपल्या १८७२ च्या पुरावा कायद्याने हा पेच मोठ्या शहाणपणाने हाताळला होता. कलम १३३ सांगत असे की गुन्ह्यातील साथीदार हा सक्षम साक्षीदार आहे. कलम ११४ चे उदाहरण सांगत असे की महत्त्वाच्या तपशिलांत पुष्टी मिळाल्याशिवाय तो विश्वासास पात्र नाही असे न्यायालय मानू शकते. त्याच्या चारित्र्याला स्वच्छतेचा दाखला द्या असे कायद्याने कधीच म्हटले नाही. त्याचे म्हणणे ऐकून घ्या आणि ते तपासा, एवढेच सांगितले. माझी मागणीही एवढीच आहे.

आता १७ जून १९७५ कडे येतो, कारण माझे सगळे म्हणणे त्या दिवसावर उभे आहे. (आपल्याकडे आणीबाणी लागली त्याच्या आठच दिवस आधीची ही तारीख आहे.) फेब्रुवारीत मिहारेस यांनी अमेरिकेत राजवटीशी संबंध तोडल्याचे जाहीर केले होते, आणि डोनाल्ड फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने त्यांना साक्षीसाठी बोलावले होते. साक्षीच्या आदल्या दिवशी खुद्द मार्कोस यांनी मनिलाहून दूरध्वनी केला, बोलू नका असे सांगितले, आणि पुढची बोलणी मार्कोस यांच्या सहाय्यकाने केली, असे मिहारेस यांचे म्हणणे. किंमत ठरली होती ५०,००० डॉलर. ही रक्कम सॅन फ्रान्सिस्कोमध्ये फिलिपाइन्सच्या वाणिज्यदूताच्या आणि मिहारेस यांच्या संयुक्त नावाने बँकेत ठेवली गेली होती, आणि अमेरिकी पत्रकार जॅक अँडरसन यांनी आपल्या स्तंभात हे प्रकरण अमेरिकेभर छापले. मिहारेस यांनी ते पैसे घेतले नाहीत. ते समितीसमोर गेले आणि बोलले.

जे बोलले ते मला पैसे नाकारण्यापेक्षाही अधिक महत्त्वाचे वाटते. मार्शल लॉचे एक निमित्त म्हणून सांगितला गेलेला संरक्षणमंत्री हुआन पोन्से एन्रिले यांच्या मोटारीवरील हल्ला बनावट होता, हे त्यांनी सांगितले. राजवट ज्या सार्वमतांच्या आधारावर स्वतःला लोकमान्य म्हणवत होती, त्यांचे आकडे रचले गेले, आणि ते रचणाऱ्या मंडळींत आपण स्वतः होतो, हेही सांगितले. हुकूमशाहीत सार्वमताचा आकडा ही किरकोळ बाब नसते. जानेवारी १९७३ मध्ये नागरिक सभांत हात वर करवून नव्या घटनेला १,४९,७६,५६१ मते मिळाल्याचे सरकारने जाहीर केले होते, आणि त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत सर्वोच्च न्यायालयाने ती घटना अमलात आल्याचे मानण्यास आता कोणताही न्यायालयीन अडथळा उरलेला नाही, असा निष्कर्ष दिला होता. असे आकडे घरात बसून कसे तयार होतात, हे सांगणाऱ्या माणसाला ते स्वतःच्या नावावर घ्यावे लागले, आणि त्याच्यासाठी माफीचा कागद घेऊन कोणीही उभे नव्हते.

इथे माझ्यातला तरुण वकील मला थांबवतो. त्या वयात माफीच्या साक्षीदारांची उलटतपासणी घेणे हे मला अतिशय प्रिय काम होते, आणि त्याने मिहारेस यांना सहज सोडले नसते. माध्यम सल्लागार परिषद नोव्हेंबर १९७४ मध्ये रद्द झाली आणि तुमची सदसद्विवेकबुद्धी फेब्रुवारी १९७५ मध्ये जागी झाली, हे खरे ना? खुर्ची गेली नसती, तर तुम्ही बोलला असतात का? तुमच्यावर पैशांच्या अफरातफरीचे आरोप झालेच ना? यांतला पहिला प्रश्न मला आजही बोचतो. सरकारने केलेल्या आरोपांना मी फारशी किंमत देत नाही, कारण ते करणारेच फिर्यादी, तपासनीस आणि न्यायाधीश होते. पण त्या तीन महिन्यांच्या अंतरावर माझ्याकडे निर्णायक उत्तर नाही. मी एवढेच म्हणू शकतो की केवळ स्वार्थासाठी फुटलेल्या माणसाने ते ५०,००० डॉलर घेतले असते. तरुण वकील यावर म्हणतो की किंमत कमी वाटली असेल. आमचा हा वाद मिटलेला नाही.

पुष्टीचे मात्र तसे नाही. १९८६ च्या फेब्रुवारीत मार्कोस यांच्याविरुद्ध उठलेल्या एन्रिले यांनी स्वतःवरील हल्ला रचलेला होता असे जाहीरपणे सांगितले. पुढे २०१२ मध्ये आपल्या आत्मचरित्रात त्यांनी ते फिरवले, हेही सांगणे माझे कर्तव्य आहे. साक्षीदार उलटला की पहिला जबाब आपोआप खोटा ठरत नाही. १९७६ मध्ये मिहारेस यांनी मार्कोस दांपत्याच्या लुटीवर जे पुस्तक लिहिले, ते तेव्हा अनेकांनी सूडाचे लेखन म्हणून बाजूला सारले. २००३ च्या जुलैत फिलिपाइन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्कोस यांच्या स्विस ठेवींतील ६५ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम गैरमार्गाने मिळवलेली ठरवून सरकारजमा केली. साथीदाराच्या साक्षीला याहून भक्कम पुष्टी क्वचितच मिळते.

जानेवारी १९७७ मध्ये मिहारेस नाहीसे झाले. त्यांचे काय झाले हे आजवर कोणालाही ठामपणे सांगता आलेले नाही. त्याच वर्षी त्यांच्या किशोरवयीन मुलाचा, बॉयेतचा, मृतदेह मनिलाबाहेर सापडला. त्यावर छळाच्या खुणा होत्या. सभेत मी इथपर्यंत आलो की ‘फितूर’ हा शब्द उच्चारणारे गप्प होतात, आणि मला ते आवडत नाही. मुलाच्या मृत्यूने बापाची साक्ष खरी ठरत नाही. ती खरी ठरते ती वर सांगितलेल्या कारणांनी.

मिहारेस यांच्या पत्नी प्रिसिला याही कायद्याच्या क्षेत्रातल्या होत्या आणि न्यायाधीश झाल्या. मार्कोस यांच्या मालमत्तेविरुद्ध हवाईच्या न्यायालयात पीडितांनी जिंकलेला सुमारे १९६ कोटी डॉलरांचा निकाल मायदेशात अमलात आणण्यासाठी जे अर्जदार झाले, त्यांत त्यांचे नाव पहिले आहे. अर्जदारांनी ४१० पेसो न्यायालयीन शुल्क भरले होते; खालच्या न्यायालयाने सांगितले की शुल्क ४७ कोटी २० लाख पेसो होते, आणि अर्ज निकाली काढला. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. ज्या दाव्याचे शुल्क भरण्यासाठीच कोट्यधीश असावे लागेल, अशा दाव्यासाठी छळ झालेल्या माणसांना वर्षानुवर्षे भांडावे लागले, याविषयी मला एकही श्रोता विचारत नाही.

आणि एक प्रश्न, जो खरे तर तुम्ही विचारायला हवा, तोही कोणी विचारत नाही. राजवट काय करू शकते हे मिहारेस यांना तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी अधिक ठाऊक होते; त्यांनी ती आतून पाहिली होती. तरीही ते बोलले तेव्हा पत्नी आणि मुले मनिलातच होती. त्यांना आधी बाहेर काढण्याचा मार्ग नव्हता, की असेल असे समजून ते पुढे गेले, की इतकी क्रूरता त्यांनाही अशक्य वाटली, हे मी त्यांच्या लेखनात शोधत आलो आहे आणि माझी खात्री पटेल असे उत्तर मला मिळालेले नाही. ते आधी कोणाच्या पदरी होते यापेक्षा हा आक्षेप फार जड आहे. पुढच्या सभेत तो घेऊन उभे राहा. मी बचाव करीन, आणि तो पुरेसा असेलच अशी हमी देणार नाही.