तीस पटीने लहान खिडकी

सोमवार

पार्ल्यातल्या एका तीन मजली इमारतीच्या ग्रिलचा ठसा टेबलावर पसरलाय, त्यावरून गळ्यातलं चांदीचं पदक करायचं आहे. बटरपेपर आणि काळा मेणखडू. चार फूट बाय तीन फूट खिडकी, मध्ये अर्धा उगवता सूर्य, अकरा किरणं, खाली आडव्या पट्ट्या. इमारत पुनर्विकासाला गेली आहे, ग्रिलं उतरतील.

असा सूर्य दादर-माटुंग्यात सापडतो, पार्ल्यात सापडतो, मुलुंडलाही सापडतो. ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको (भौमितिक नक्षीच्या शैलीतल्या) इमारती 2018 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. त्याच वळणाची उपनगरातली ग्रिलं किलोच्या भावाने भंगारात जातात, आणि याचं वाईट वाटतं. मुंबईवरचे दागिने म्हटले की गेटवे, टॅक्सी, लोकलचा डबा. उपनगरातलं घर मात्र या खिडकीतून ओळखू येतं: वाळत घातलेले कपडे, तुळशीची कुंडी, गजाला अडकवलेली दुधाची पिशवी. ही उपनगरं 1950 आणि 1957 अशा दोन टप्प्यांत बृहन्मुंबईत आली, तरी चर्चगेटची गाडी पकडणारा अजून ‘टाऊनला जाऊन येतो’ म्हणतो. पदकात आणायचं आहे ते हे उपनगरातलं घर.

ठसा घेताना एक चूक हमखास होते. ग्रिलवर वर्षानुवर्षांचे ऑइलपेंटचे थर असतात, त्यामुळे ठशात रंगाची रुंदी येते, लोखंडाची येत नाही. जिथे रंगाचा पोपडा उडालाय तिथे व्हर्नियर लावून मोजायचं. फोटोवरून नक्षी उचलायची असेल तर कॅमेरा खिडकीच्या मध्याच्या उंचीवर हवा. खालून काढलेल्या फोटोत वरची किरणं आखडतात.

आता खरा पेच. तीस पटीने लहान केलं की खिडकी 40 बाय 30 मिलिमीटरची होते, पदकाला अगदी योग्य. पण 12 मिलिमीटरची पट्टी 0.4 होते. एवढी बारीक रेघ करवतीखाली टिकत नाही, आणि टिकली तरी पहिल्यांदा ओढणीत अडकली की वाकते. पट्टी 0.9 ठेवून संख्या तीच ठेवली तर मधल्या मोकळ्या जागा बुजतात आणि खिडकीची जाळी होते. म्हणजे काहीतरी सोडावंच लागतं. गज सोडायचे, उजेड ठेवायचा. अकरा किरणांची सात केली. आकडा विषम हवा, नाहीतर मधलं उभं किरण जातं आणि सूर्य फाटल्यासारखा दिसतो.

बुधवार

925 चांदीचा (हजारात 925 भाग चांदी, बाकी तांबं) 1 मिलिमीटर पत्रा. 40 बाय 30 चा तुकडा साधारण साडेबारा ग्रॅम भरतो, कापून झाल्यावर निम्म्याच्या आसपास उरतो. पत्रा तापवून मऊ करायचा नाही. मऊ चांदी पात्याला चिकटते. प्रत्येक मोकळ्या जागेत आधी पंचने खूण, मग 0.8 चं भोक. खूण न करता ड्रिल लावलं की ते घसरून थेट किरणावर ओरखडा काढतं.

करवतीचं पातं 3/0 नंबरचं, बारीक. पत्र्याच्या जाडीत किमान दोन दाते बसले पाहिजेत, नाहीतर पातं अडकून तुटतं. दाते मुठीकडे, पात्याला मेण, करवत उभी. आधी सूर्याजवळच्या चिंचोळ्या जागा, बाहेरच्या मोठ्या जागा शेवटी. उलट केलं तर आतल्या कामाला लागणारा पत्र्याचा आधारच निघून जातो. चुरा खालच्या चामड्याच्या झोळीत. पूर्वी झारेकरी सोनारांच्या दुकानापुढची माती धुऊन त्यातून सोनं-चांदी काढत. झोळी झटकताना त्यांची आठवण ठेवावी.

सूर्याच्या जागी चांदी नाही, मोझॅक लादीचा तुकडा. सिमेंटच्या लाद्या मुंबईत बऱ्याच काळापासून बनतात. भारत फ्लोअरिंग्जचा कारखाना 1922 चा. करड्या सिमेंटमध्ये संगमरवराचे दाणे घातलेली लादी उपनगरातल्या कितीतरी घरांत होती. पुनर्विकासात ती डेब्रिसच्या गोणीत जाते. गोणीतून तुकडा निवडताना 12 मिलिमीटरच्या गोलात निदान तीन दाणे येतील अशी जागा शोधायची. डायमंड चकतीने, पाण्याखाली, 3 मिलिमीटर जाड कापायची. कोरडी कापू नये, ती धूळ फुफ्फुसात बसते. पाणी असलं तरी मास्क हवाच.

मूळ सूर्य अर्धा आहे, पदकात तो पूर्ण गोल केला. अर्धगोल कोंदणाचे दोन कोपरे दाबताना सिमेंटची कड फुटते. गोलाला कोपरा नसतो. कोंदणासाठी शुद्ध चांदीची पट्टी, 0.3 जाड, 4 उंच. लांबी काढताना व्यासात पट्टीची जाडी मिळवायची: 12.3 गुणिले 3.14, म्हणजे 38.6 मिलिमीटर. जाडी विसरली तर पट्टी जवळजवळ एक मिलिमीटर आखूड पडते आणि लादी आत जातच नाही.

गुरुवार

दिवसभर झाळकाम, म्हणजे चांदीआधी वितळणाऱ्या मिश्रधातूने (झाळेने) सांधे जोडणं. क्रम ठरलेला: कोंदणाच्या पट्टीचा सांधा कडक झाळेने, कोंदण ग्रिलवर मध्यम झाळेने, वरच्या दोन कड्या नरम झाळेने. दरवेळी आधीची झाळ वितळू नये म्हणून. कॅडमियम असलेली झाळ स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, धूर विषारी असतो.

925 चांदी 800 अंश सेल्सिअसच्या पुढे वितळू लागते, शुद्ध चांदीला जवळपास 962 लागतात. तरीही पट्टी पातळ असल्यामुळे ज्योत थेट तिच्यावर धरली तर तीच आधी जाते. जाळीवर ठेवून खालून तापवायचं. किरणं चौकटीआधी लाल होतात, म्हणून ज्योत बाहेरच्या कडेने फिरती हवी. पृष्ठभाग सायीसारखा सुरकुतू लागला की ज्योत लगेच बाजूला.

तापवण्याआधी पदक स्पिरिटमध्ये कालवलेल्या बोरिक पावडरीत बुडवून स्पिरिट जाळून टाकायचं. हे टाळलं तर चांदीतलं तांबं जळून पृष्ठभागाखाली जांभळट डाग बसतो. पॉलिशने तो जात नाही, उलट जास्त दिसतो. मग कोमट सौम्य तेजाबात. पाण्यात तेजाब ओतायचं, तेजाबात पाणी कधीच नाही. चिमटा तांब्याचा. लोखंडी चिमटा बुडवला की सगळ्या पदकावर तांब्याचा थर चढतो.

लादी शेवटी बसवायची, कारण संगमरवराला आम्ल चालत नाही: दाणे फसफसतात आणि चकाकी जाते. म्हणून झाळ, तेजाब, काळवणं, पॉलिश हे सगळं उरकल्यावरच लादी कोंदणात. लादीच्या वरच्या कडेला थोडा उतार द्यायचा आणि पातळ इपॉक्सी मुरवायचं. पट्टी समोरासमोर दाबायची: वर-खाली, मग डावी-उजवी. एकाच बाजूने दाबत गेलं तर लादी तिरकी बसते.

शुक्रवार, रात्री

पदक ठुशीला लावायचं ठरलं. गावाकडून आलेला दागिना आणि पार्ल्याची खिडकी एका गळ्यात. ठुशी गळ्याबरोबर बसते, म्हणून पदक जड झालं तर मणी पुढे ओढले जातात. सात-आठ ग्रॅमच्या वर जाऊ नये. एका कडीवर चपटं पदक गरगर फिरतं, त्यासाठीच दोन कड्या, 12 मिलिमीटर अंतरावर. ठुशीच्या 3 मिलिमीटरच्या भरीव मण्याला 1 मिलिमीटरची तार 18 मिलिमीटर लागते. कोळशात छोटा खळगा करून त्यात वितळवली की ती आपोआप गोल होते, सपाट कोळशावर मात्र मण्याला बूड येतं. मागचा गोफ आणि गोंडा पटवेकऱ्याकडूनच करून घ्यावा. सरकती गाठ त्याच्या हातची असेल तर ती गळ्यात सुटत नाही.

डबीत चिठ्ठी: चांदी घासायला घरात चिंच काढतात. या पदकाला चिंच नको, लिंबूही नको. रिठ्याचं पाणी, मऊ ब्रश, लगेच कोरडं करणं. पावसाळ्यात झिपच्या पिशवीत खडूचा तुकडा घालून ठेवणं.