तुम्ही विचारलंत म्हणून: सापडला तेव्हा वाजत होता का?

माझा तीन व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा) रेडिओ पाहिला की जवळजवळ प्रत्येकजण हेच विचारतो. खरं उत्तर असं, की माहीत नाही. मी लावूनच पाहिला नाही. माळ्यावरच्या खोक्यातून काढला आणि आधी वायरचा प्लग कापून टाकला. न जाणो, घरात कुणी तरी हौसेने भिंतीत खुपसायचं.

रेडिओ मीच केलेला, कॉलेजात असताना. व्हॉल्व्हचा जमाना तेव्हाच सरला होता, त्यामुळे मोडीत काढलेल्या सेटमधले भाग फुकट मिळायचे. डिटेक्टरला (लहरींतून आवाज वेगळा काढायला) ईएफ ८०, आउटपुटला (स्पीकर चालवायला) ईएल ८४, रेक्टिफायरला (एसीचं डीसी करायला) ईझेड ८०. काचेच्या आत वरच्या टोकाशी असतो तो चंदेरी डाग तिन्हींवर शाबूत होता. आत हवा शिरली की तो पांढरा पडतो. म्हणजे व्हॉल्व्ह बहुधा ठीक होते. भीती कंडेन्सरांची, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागांची होती.

फिल्टरचे (डीसीतली घरघर गाळणारे) इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वर्षानुवर्षं पडून राहिले की आतून सुकतात, त्यांचा ऑक्साइडचा थर विरतो. एकदम २५० व्होल्ट दिले तर ते शॉर्ट होतात आणि जाताना रेक्टिफायर आणि ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातात. ट्रान्सफॉर्मर गेला की संपलंच. पण खरा लबाड असतो तो एका व्हॉल्व्हचा आवाज पुढच्याकडे नेणारा आणि डीसी अडवणारा कागदी कपलिंग कंडेन्सर, ०.०१ मायक्रोफॅरडचा. साध्या मीटरवर तो अगदी सज्जन दिसतो. प्रत्यक्ष व्होल्टेजखाली त्यातून नुसते १० मायक्रोअँपिअर गळले, तरी ग्रिडच्या (व्हॉल्व्हमधला प्रवाह आवरणाऱ्या जाळीच्या) ४७० किलोओहमच्या रेझिस्टरवर ४.७ व्होल्ट उभे राहतात. ईएल ८४ चा ग्रिड कॅथोडपेक्षा (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागापेक्षा) सुमारे ७ व्होल्ट खाली असावा लागतो. त्यातले पावणेपाच असे चढले की प्रवाह वाढतो. शिवाय कंडेन्सर तापला की गळतीही वाढते. शेवटी ते इलेक्ट्रॉन झेलणारी प्लेट लालभडक. म्हणून हे सगळे कंडेन्सर न तपासताच बदलले. २२० किलोओहमचे दोन रेझिस्टर ३०० च्या वर गेले होते, तेही काढले.

खरा वेळ गेला तो वायरिंग समजून घेण्यात. नकाशा कुठेच नव्हता. तो तेव्हा माझ्या डोक्यात होता म्हणे! डाख गोळ्यागोळ्यांचे, सगळ्या वायरी एकाच रंगाच्या. कॉलेजातल्या त्या पोराला, म्हणजे मलाच, मनात भरपूर शिव्या घातल्या. कॉइलच्या दोन वायरी एकमेकींवरून आडव्या गेल्या होत्या. मी त्या सुबकपणे सरळ केल्या.

मग ६० वॉटचा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये लावून सेट चालू केला. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि सेट वाचतो. बल्ब उजळला, मंदावला, स्पीकरमधून हलकी घरघर आली. स्टेशन मात्र एकही नाही.

हा रिजनरेटिव्ह सेट. एडविन आर्मस्ट्राँगने विद्यार्थी असताना १९१२ मध्ये शोधलेली ही युक्ती: प्लेटकडचा थोडा सिग्नल टिकलर कॉइलमधून परत ग्रिडकडे द्यायचा, म्हणजे एकच व्हॉल्व्ह तोच सिग्नल पुन्हा पुन्हा वाढवतो. परत दिलेला सिग्नल फार झाला की सेट शीळ घालतो; ती सुरू होण्याच्या किंचित अलीकडे सेट सगळ्यात तल्लख असतो. पण टिकलरची टोकं उलटी लागली तर सिग्नल वाढायच्या ऐवजी दबतो. माझा सेट शीळच घालत नव्हता. दोन दिवस मी व्हॉल्व्हवर संशय घेतला. मग त्या दोन आडव्या वायरी आठवल्या. त्या पोराने टोकं मुद्दाम फिरवली होती. मी परत तशाच आडव्या जोडल्या, तेव्हा कुठे शीळ आली.

आता वाजतो. दर्शनी फळी मात्र प्लायवुडचीच ठेवली आहे. मागे पत्रा नाही, त्यामुळे बोटं जवळ आली की ट्यूनिंग सरकतं. स्टेशन सापडलं की हात काढल्यावर ते जेवढं सरकेल तेवढंच, अंदाजाने थोडं पुढे नेऊन ठेवायचं आणि मग हात मागे घ्यायचा. पाहुण्यांना हे जमत नाही. ते नॉब सोडतात आणि म्हणतात, "गेलं की हो!"