तिरक्या अक्षरातलं नाव

नोट्स कशा काढाव्यात, वेळेचं नियोजन कसं करावं यावर सगळे भरभरून बोलतात, पण वाचायला जे दिलंय ते मुळात शोधायचं कसं हे कुणी सांगतच नाही. पहिल्याच आठवड्यात रीडिंग लिस्ट हातात पडते आणि तिच्यात आडनाव, आद्याक्षर, कंसात साल, मग एक लांबलचक नाव, मग अजून एक नाव, मग १२(३), ४५–६७ असलं काहीतरी. सर म्हणतात हे वाचून या. सगळे माना डोलावतात, कारण हे काय आहे असं विचारलं तर फक्त आपल्यालाच कळत नाहीये असं दिसेल ना.

खरं तर तो नुसता पत्ता असतो. लेख म्हणजे माणूस आणि जर्नल, म्हणजे असे अभ्यासाचे लेख छापणारं नियतकालिक, ही तो राहतो ती बिल्डिंग. १२ वा खंड, ३ रा अंक, पान ४५ ते ६७, झालं, पोचलात. गडबड होते ती दोन नावांमुळे, पहिलं लेखाचं आणि दुसरं जर्नलचं. मुलं लेखाचं नाव लायब्ररीच्या कॅटलॉगमध्ये टाकतात, शून्य रिझल्ट येतात, आणि आपल्याकडे नाहीये म्हणून सोडून देतात. अहो असतो की तिथेच! जुन्या पद्धतीच्या कॅटलॉगला बिल्डिंगची नावं माहीत असतात, आत कोण राहतं ते नाही. म्हणून संदर्भ लिहायच्या बहुतेक स्टाइल्समध्ये जे नाव तिरक्या अक्षरात छापलेलं असतं ते आधी शोधायचं, ते जर्नलचं किंवा अख्ख्या पुस्तकाचं असतं. संपादित पुस्तकातलं प्रकरण असेल तर अजून मजा, ज्याचं नाव घेऊन तुम्ही शोधताय तो कव्हरवर नसतोच, तिथे संपादकाचं नाव असतं. एवढं एक सांगितलं असतं तरी पहिल्या वर्षाच्या निम्म्या पोरांचा जीव वाचला असता, असं माझं आपलं ठाम मत.

बाकी खाणाखुणा सवयीने कळतात. एट अल. म्हणजे आणि बाकीचे लेखक. २००४अ आणि २००४ब म्हणजे त्याच माणसाने त्याच वर्षी दोन गोष्टी लिहिल्यात, नीट बघून घ्या कुठली सांगितलीय. कंसात साल टाकायची ही पद्धत हार्वर्डच्या एडवर्ड लॉरेन्स मार्क नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाच्या १८८१ च्या पेपरपासून, म्हणजे शोधनिबंधापासून, आली असं मानतात, आणि तो पेपर होता बिनशंखाच्या गोगलगायीच्या अंड्यांवर. आता अर्थशास्त्रापासून नर्सिंगपर्यंत सगळे त्याच पद्धतीने कंस टाकतात. मला मात्र खरा राग आहे तो इबिड आणि ऑप. सिट. या जोडगोळीचा. इबिड म्हणजे वरच्या टीपेतलंच पुस्तक, ऑप. सिट. म्हणजे आधी कुठेतरी सांगितलेलं पुस्तक. कुठेतरी! तुमच्याकडे झेरॉक्स फक्त पाचव्या प्रकरणाची आणि ते "कुठेतरी" दुसऱ्या प्रकरणात, मग बसा.

बरं, हे पत्ते देणारे तरी स्वतः तिथे जाऊन आलेले असतात का? सिमकिन आणि रॉयचौधुरी या दोघा संशोधकांनी २००३ च्या सुमारास भारी गंमत केली. त्यांनी एक गाजलेला पेपर घेतला, त्याचा उल्लेख तेव्हापर्यंत साधारण ४३०० वेळा झाला होता, त्यातल्या १९६ ठिकाणी पत्त्यात चूक होती, पण वेगवेगळ्या चुका मोजल्या तर फक्त ४५. पान नंबरची एकच चूक ७८ वेळा. आता ७८ जणांचं बोट एकाच चुकीच्या आकड्यावर आपोआप तर घसरणार नाही, एकाने लिहिलं आणि बाकीच्यांनी त्याच्या यादीतून उचललं. त्यांचा अंदाज असा की उल्लेख करणाऱ्यांपैकी जेमतेम २० टक्के लोक मूळ पेपर वाचतात. आणि याच्याही वरची गोष्ट म्हणजे एका मोठ्या प्रकाशकाने संदर्भ कसा लिहावा याचा नमुना म्हणून एक पेपर मनानेच रचून दिला होता, लेखक खोटे, जर्नलही खोटं, तर त्या अस्तित्वातच नसलेल्या पेपरचा उल्लेख खऱ्याखुऱ्या लेखांमध्ये शेकडो वेळा झालाय. हल्ली एआय असे पत्ते मागाल तितके बनवून देतं, आणि दिसायला ते खऱ्यापेक्षा नीटनेटके असतात.

म्हणून मी आधी डीओआय, म्हणजे पेपरचा कायमचा ओळख-नंबर, बघतो. १० आणि टिंबाने सुरू होणारा तो लांब नंबर, डीओआय डॉट ऑर्गच्या पुढे टाकायचा आणि बघायचं खरंच तोच पेपर उघडतोय का. २००० सालापासून हे नंबर द्यायला लागले, पण कित्येक जुन्या लेखांनाही नंतर मिळालेत. वेबसाइट बदलली तरी प्रकाशकाने नवी लिंक त्या नंबरला जोडायची असते, त्यामुळे साध्या लिंकपेक्षा तो बराच जास्त टिकतो. उघडल्यावर पैसे मागितले तर लगेच कार्ड काढू नका, आधी लायब्ररीच्या लॉगिनमधून जाऊन बघा, मग गूगल स्कॉलरवर त्याच पेपरच्या बाकीच्या आवृत्त्या बघा, खूपदा लेखकाच्या विद्यापीठाच्या साइटवर फुकट पडलेला असतो. तेही नाही तर सरळ लेखकाला दोन ओळींचा ईमेल, बरेच जण खुशीने पाठवतात, आपलं कुणी वाचतंय याचंच त्यांना अप्रूप. आणि ग्रंथपालांना विचारा हो! इंटरलायब्ररी लोन नावाची सोय असते, दुसऱ्या लायब्ररीतून मागवून देतात.

आता राहिली एकच तक्रार, ती शिकवणाऱ्यांकडे. लिस्टमध्ये "पान ४५ ते ७८" लिहिता तेव्हा कुठली आवृत्ती तेही लिहा ना. आम्हाला मिळते तिसरी, तुमच्याकडे असते पहिली, आणि पान ४५ अर्ध्या वाक्यात सुरू होऊन भलत्याच विषयावर बोलत असतं. प्रकरणाचं नाव लिहिलंत तरी चालेल.