आमची वाटचाल: ॲसिटोन ते काकवीसारखं सॉल्व्हंट

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, हळदीतून करक्युमिन, म्हणजे तिचा पिवळा रंग देणारा घटक, काढतो. आधी सगळं काम ॲसिटोनवर, म्हणजे पटकन उडणाऱ्या आणि पेट घेणाऱ्या सॉल्व्हंटवर (करक्युमिन विरघळवून घेणाऱ्या द्रवावर). उन्हाळ्यात शेडमध्ये शिरलं की डोकं जड व्हायचं आणि एका ठिणगीची भीती कायम. एकदा ड्रम भरताना खरंच भडका उडाला. कुणाला काही झालं नाही पण बायको म्हणाली, आता दुसरं काहीतरी शोधा.

भाची केमिस्ट्रीत एमएस्सी करत होती. ती म्हणाली मामा, इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ ॲबट यांनी २००३ मध्ये दाखवलंय, कोलीन क्लोराईड ३०२ अंशाला वितळतं, युरिया १३३ ला, पण एकास दोन मोल (म्हणजे वजनाने नव्हे, कणांच्या संख्येने एकास दोन) घेऊन एकत्र केले तर मिश्रण १२ अंशालाच वितळतं, म्हणजे आपल्याकडे ते द्रवच राहतं आणि ॲसिटोनऐवजी सॉल्व्हंट म्हणून वापरता येतं. दोघं हायड्रोजन बाँडने, म्हणजे कणांमधल्या एका ओढीने, एकमेकांना असं धरतात की पुन्हा आपापला खडा जमत नाही. वाफ जवळजवळ शून्य, म्हणजे भडक्याची भीतीच गेली, मला एवढंच ऐकायचं होतं.

कोलीन क्लोराईड कोंबड्यांच्या खाद्यात घालतात म्हणून तिथलंच आणलं. ते निघालं ६० टक्केवालं, मक्याच्या बुरकुंडाच्या भुशावर चढवलेलं, वितळणार काय, नुसता चिखल. मग शुद्ध पावडर आणली तर पावसाळ्यात पोत्यातच पाणी सुटलं. तेव्हापासून हवाबंद ड्रम.

युरियावाल्यात अर्क लालसर आला. आमची आई बघून म्हणाली, अरे हे तर कुंकू झालं! हळदीला चुना लावला की लाल होते तेच, युरिया तापून थोडा अमोनिया सुटतो आणि करक्युमिन खराब होतं. म्हणून युरिया सोडून लॅक्टिक ॲसिड घेतलं, दह्यातलं तेच. तेही काकवीसारखं घट्ट, थोडं पाणी घालून कोमट केलं की मग हळदीत नीट मुरतं, पण फार तापवायचं नाही, नाहीतर ॲसिड कोलीनशीच जुळून एस्टर नावाचं वेगळंच संयुग बनतं.

खरी अडचण पुढे आहे आणि ती कुणी सांगत नाही. ॲसिटोन उकळून परत मिळायचं, हे उकळत नाही. पाणी ओतून करक्युमिन खाली बसवायचं, गाळायचं, मग सॉल्व्हंट परत मिळवायला तेच पाणी आटवायचं, त्याला इंधन लागतं. ते न मोजता मालावर ग्रीनचं, म्हणजे पर्यावरणाला चांगलं असल्याचं, लेबल लावणं मला पटत नाही. आता व्हॅक्यूममध्ये कमी तापमानाला आटवतो आणि तेच सॉल्व्हंट चार-पाच वेळा फिरवतो, नंतर हळदीतली साखर साठून ते काळं पडतं. शेवटच्या शुद्धीकरणाला थोडं अल्कोहोल अजून लागतंच, पण ॲसिटोनचे ड्रम शेडमधून गेले.