पुण्यातून बारामतीची 90.8: काम कुठवर आलं

लक्ष्य एकच: बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राची शारदा कृषी वाहिनी, एफएम 90.8 मेगाहर्ट्झ, पुण्यात बसून ऐकायची. बारामतीचीच दुसरी, वसुंधरा वाहिनी तूर्त बाजूला ठेवली आहे, कारण ती 90.4 वर आहे आणि पुण्यात 90.4 वर एफटीआयआयचा (फिल्म इन्स्टिट्यूटचा) रेडिओ चालतो. एकाच फ्रिक्वेन्सीवरच्या दोन सिग्नलांपैकी एफएम रिसीव्हर जोरदार तेवढा उचलतो. दुबळा पार दबून जातो.

सगळ्यांना आधी शंका येते पॉवरची, पण अडचण तिथे नाही. शारदासारख्या कम्युनिटी रेडिओला, म्हणजे छोट्या स्थानिक स्टेशनला, मर्यादा 100 वॅट ईआरपी (अँटेनातून प्रत्यक्ष बाहेर पडणारी पॉवर) आणि 30 मीटर उंच अँटेना. पुरे 100 वॅट आणि हवाई अंतर 80 किलोमीटर धरलं, तर मधे काही आड नसताना सिग्नल येतो 222 × √0.1 ÷ 80, म्हणजे 0.88 मिलिव्होल्ट प्रति मीटर. मायक्रोव्होल्टच्या हिशेबात 59 डेसिबल. शांत जागी मोनोत बोलणं समजायला 20 च्या आसपास पुरतात. म्हणजे वाटेत गमवायला 39 डेसिबल हाताशी आहेत.

ती वाटच खाते. 30 मीटरचा मनोरा आणि 10 मीटरवरची गच्ची यांचं रेडिओ क्षितिज 4.12 × (√30 + √10), जेमतेम 36 किलोमीटर. मध्यावर पृथ्वीचा फुगवटा 94 मीटर, त्याशिवाय पुण्यापेक्षा दोनशेएक मीटर उंच असलेलं सासवडचं पठार. सिग्नलला सरळ रेषेभोवती जी मोकळी जागा लागते (पहिला फ्रेनेल झोन), तिची त्रिज्या मध्यावर 257 मीटर, म्हणजे नुसती डोंगरावरून नजर जाऊन भागत नाही. सिग्नल एका कडेला घासून गेला तरी 6 डेसिबल जातात. म्हणूनच हडपसर-फुरसुंगी बारामतीला जवळ असूनही वाईट: दिवे घाटाच्या ऐन सावलीत. वेताळ टेकडी लांब, पण सुमारे 800 मीटर उंच आणि घाटाच्या कडेपासून मागे, त्यामुळे सिग्नलला कमी वाकावं लागतं. पेठांतल्या बाल्कनीची आशा आम्ही सोडली आहे.

अँटेना तयार आहे: तीन एलिमेंटची यागी (एकाच दिशेकडे जास्त ऐकणारी, दांड्यांची अँटेना), 10 मिमी अॅल्युमिनियम नळी. रिफ्लेक्टर 1.64 मीटर, फोल्डेड डायपोल 1.57, डायरेक्टर 1.47, दोन्ही अंतरं 66 सेंटिमीटर. अँटेना केबलशी जुळवणाऱ्या 4:1 बलूनसाठी फोम आरजी-6 केबलचा 1.35 मीटरचा तुकडा. साधी आरजी-59 असेल तर 1.09, कारण तिचा व्हेलॉसिटी फॅक्टर (केबलमधला सिग्नलचा वेग, प्रकाशाच्या तुलनेत) 0.66 आहे. एलिमेंट उभे धरायचे (उभं पोलरायझेशन) तर वरचा दीड मीटर दांडा पीव्हीसीचा हवा; लोखंडी पाइप एलिमेंटला समांतर आला की पॅटर्न बिघडतो. दिशा उत्तरेपासून सुमारे 118 अंश, पुण्यात होकायंत्र जसंच्या तसं चालतं.

खरी झुंज रिसीव्हरपाशी. पुण्यातलं 91.1 चं दणदणीत स्टेशन फक्त 300 किलोहर्ट्झवर. टीईएफ6686 चिपच्या रिसीव्हरमध्ये बँडविड्थ 84 किंवा 72 किलोहर्ट्झवर आणून मोनो सक्तीचा केला की 91.1 चा सांडवा हटतो. आवाज थोडा फाटतो, बोलणं कळतं. आरटीएल-एसडीआर (कॉम्प्युटरला जोडायचा रिसीव्हर) 8 बिटचा, पुण्यातल्या स्टेशनांनी सहज गुदमरतो; ऑटो गेन बंदच ठेवा.

आणि एक भूत इथे हमखास भेटतं. पुण्यातल्या 98.3 आणि 93.5 या स्टेशनांची बेरीज करा, त्यातून विविध भारतीचे 101 वजा करा: नेमके 90.8. रिसीव्हर ओव्हरलोड झाला की याच जागी तिन्ही स्टेशनांची खिचडी उगवते. ओळखायला अँटेना आणि रिसीव्हरच्या मधे सिग्नल 10 डेसिबलने घटवणारा अॅटेन्युएटर घाला. खरा सिग्नल 10 ने उतरेल, भूत 30 ने. 90.4 लाही ही परीक्षा लावा: 91.1 अधिक 94.3 वजा 95.0.

गच्चीवरून सध्या खरखर आणि आजूबाजूच्या एलईडी दिव्यांचा गोंगाट एवढंच. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, रात्री आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर जमिनीलगत थंड हवा आणि वर उबदार थर बसतो, सिग्नल वाकून पुढे येतो. उजाडल्यावर तासा-दोन तासांत ऊन तो थर मोडतं. पुढची पाळी वेताळ टेकडीची, पहाटे, अँटेना आडवी आणि उभी दोन्ही धरून. तिथून एफटीआयआय अगदी पायथ्याशी असल्याने 90.4 साठी नॉच (तेवढीच फ्रिक्वेन्सी दाबणारा फिल्टर) लागेल. तो आधी बांधायचा आहे. 90.8 देशभरात अनेक कम्युनिटी स्टेशनांना दिलेली आहे, तेव्हा वाहिनीचं नाव स्पष्ट ऐकू येऊन रेकॉर्ड झाल्याशिवाय नोंद पक्की धरू नये.