शीर्षकपानाच्या तळाशी

शनिवार, रात्री

आजोबांचं कपाट अखेर आज रिकामं करायला घेतलं. कप्प्याकप्प्यात वेखंडाच्या पुरचुंड्या, आणि तरीही कसरीनं आपलं काम चोख केलेलं. रद्दीवाला आठवड्याभरात येणार, म्हणून ठेवायचं आणि द्यायचं असे दोन ढीग करत बसले होते. त्यात दोन जाडजूड ग्रंथ हाती आले : १९३९ चं 'अष्टांगहृदय' आणि १९४१ ची 'चरकसंहिता'. दोन्ही मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचे. मुळाखालची टीका बारीक टाइपात, पण एकही मात्रा तुटलेली नाही.

मला संस्कृत येतं ते शाळेपुरतं. त्यामुळे मजकूर सोडून शीर्षकपानाच्या तळाशी असतं ते वाचत बसले. १९३९ मध्ये प्रकाशक पांडुरंग जावजी. १९४१ मध्ये सत्यभामाबाई पांडुरंग. पत्ता तोच, कोलभाट लेन, २६-२८.

दोन पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघत राहिले. बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव येतं. नवऱ्याच्या जागी बायकोचं नाव यायला मला तरी एकच कारण सुचलं. ना शोकसंदेश, ना काळी चौकट. फक्त प्रकाशकाचं नाव बदललेलं.

दोन्ही ग्रंथ 'ठेवायचं'च्या ढिगात गेले, हे सांगायला नको.

मंगळवार

ग्रंथालयात गेले होते. निर्णयसागरची जुनी पुस्तकं मागितली, तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "विषय कोणता?" म्हटलं, कोणताही चालेल, मला फक्त पहिलं पान बघायचंय. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, पण गठ्ठा आणून दिला.

उलट्या दिशेनं गेले. १९३० च्या आसपास पांडुरंग जावजी. त्याच्या मागे, १९१७-१८ च्या पुस्तकांवर, तुकाराम जावजी, आणि पत्ता कोलभाट लेन, २३. म्हणजे मधल्या काळात कारखाना त्याच गल्लीत हलला, नाहीतर वाढला. आणखी मागे 'काव्यमाले'चे पहिले भाग. जुन्या संस्कृत काव्यांची ही माला १८८६ साली सुरू झाली. तिथे संस्कृतात लिहिलंय की निर्णयसागर नावाच्या यंत्रालयात 'तदधिपतिना' छापून प्रकाशित केलं. त्याच्या अधिपतीनं, बस्स! या संस्कृत ओळीत मालकाला नावही नाही.

तो अधिपती म्हणजे जावजी दादाजी चौधरी. आडनाव इथे मुद्दाम लिहून ठेवते, कारण मी पाहिलेल्या एकाही शीर्षकपानावर 'चौधरी' सापडलं नाही. ज्याला हे घराणं आडनावावरून शोधायचंय, तो रिकाम्या हातानं परत येणार. सगळा धागा आहे तो 'जावजी' या नावाचा : आधी मालकाचं नाव, मग मुलाच्या, तुकारामांच्या नावापुढे बापाचं.

बुधवार

जावजींबद्दल मिळालं ते वाचून काढलं. जन्म १८३९, घरची गरिबी. पोरवयातच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले. काम टाइप, म्हणजे छपाईचे शिशाचे खिळे, घासण्याचं, पगार महिना दोन रुपये. ओतलेल्या खिळ्याच्या कडेला राहिलेलं शिसं घासून काढायचं, म्हणजे जुळणीत खिळा शेजारच्याला नीट चिकटून बसतो. देवनागरीत मात्रा, रफार, जोडाक्षरं धरून शेकडो खिळे. तो पोरगा रोज किती घासत असेल, याचा हिशोब मला लागेना. पुढे आणखी छापखान्यांत उमेदवारी केली आणि १८६४ मध्ये स्वतःची टाइप फाउंड्री, म्हणजे खिळे ओतायचा कारखाना, काढली. अक्षरांचे ठसे कोरायला राणोजी रावजी आरू होते. त्यांचं नाव तर शीर्षकपानावर यायचं काही कारणच नव्हतं, पण त्या पानावरचं प्रत्येक वळण त्यांच्या हातचं! छापखाना १८६९ चा. जावजी गेले १८९२ साली.

एक गोष्ट आज लख्ख कळली. ही नावं पुस्तकांवर छापली जायची ती हौसेनं नव्हे. १८६७ च्या कायद्यानं प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचं नाव, छापल्याचं ठिकाण, प्रकाशकाचं नाव देणं बंधनकारक केलं होतं, शिवाय प्रती सरकारात जमा करायच्या. छापखान्यांवर नजर ठेवण्यासाठी केलेली तरतूद, आणि दीडशे वर्षांनी मी तिच्या आधारानं एका घराची वंशावळ लावतेय.

गुरुवार

एक फजिती. 'काव्यमाले'चे संपादक पंडित दुर्गाप्रसाद आणि काशीनाथ पांडुरंग परब. 'पांडुरंग' दिसल्याबरोबर मी परबांना वहीत जावजींच्या घरात बसवून टाकलं, बाणबिण काढून! तारखा बघितल्या तेव्हा डोकं ठिकाणावर आलं. पांडुरंग जावजींच्या नावानं पुस्तकं निघू लागली त्याच्या कितीतरी आधी परब संपादन करत होते. आपल्याकडे पांडुरंग, काशीनाथ, तुकाराम गल्लोगल्ली. नुसत्या नावावरून नातं जोडू नये. ते पान रबरानं खोडलं, तरी बाण अजून पुसट दिसतोय.

शुक्रवार

मरीन लाइन्सला उतरून चालत गेले. कोलभाट लेन आता कागदोपत्री डॉ. एम. बी. वेलकर स्ट्रीट. जुनं नाव मात्र दुकानांच्या पत्त्यांत टिकून आहे. हातगाड्या, गठ्ठे, पुढे सरकायला जागा नाही. २३ कुठे, २६ कुठे, ते काही लागलं नाही. एका दुकानदाराला 'निर्णयसागर' म्हटलं तर तो म्हणाला, "पंचांग? वो आगे मिलेगा."

रविवार

आज वहीतली सगळी नावं सालवार एका कागदावर उतरवली. डावीकडे प्रकाशक, उजवीकडे मुद्रक. डावी बाजू बदलत जाते : तुकाराम जावजी, पांडुरंग जावजी, सत्यभामाबाई पांडुरंग. उजवीकडे १९१० च्या सुमारास बी. आर. घाणेकर, आणि मग रामचंद्र येसू शेडगे. शेडगे तुकारामांच्या काळात, शेडगे पांडुरंगांच्या काळात, आणि सत्यभामाबाईंच्या पुस्तकांवरही शेडगेच. घर शोधायला निघाले होते मी, आणि त्या कागदावर सगळ्यात जास्त वेळा आलेलं नाव घराबाहेरच्या माणसाचं निघालं. सत्यभामाबाईंच्या हाती कारखाना आला तेव्हा यंत्रांचा खडखडाट, कंपोझिटर, अडकलेली प्रुफं, हे सगळं त्यांना कोणी समजावून सांगितलं असेल, तर मला वाटतं यांनीच.

रद्दीवाला येऊन गेला. 'द्यायचं'च्या ढिगातून मी शेवटच्या क्षणी आणखी चार पुस्तकं काढून घेतली. तळाशी शेडगे होते.