हाय बॉनेट जीपचं पेट्रोल इंजिन: खोललं, मोजलं, परत बांधलं

जुनी हाय बॉनेट जीप कोणी घेतली की पहिला सल्ला ठरलेला असतो, ते पेट्रोल इंजिन काढून टाक आणि डिझेल बसव. आमच्या कोल्हापुरात हे इतकं सर्रास झालंय की ओरिजिनल पेट्रोल हरिकेन इंजिन असलेली सीजे३बी (हेच हाय बॉनेट जीपचं मॉडेल) आता शोधावी लागते. मला ते करायचं नव्हतं, कारण ही गाडी अशी दिसते तीच मुळात त्या इंजिनमुळे. विलीजच्या आधीच्या जीपमधे दोन्ही वॉल्व ब्लॉकमधे बाजूला असायचे, ६० हॉर्सपॉवर, मग त्यांनी तोच बोअर (सिलिंडरचा व्यास) तोच स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ठेवून इनटेक वॉल्व वर हेडमधे (ब्लॉकवरच्या झाकणात) नेला, एक्झॉस्ट खाली ब्लॉकमधेच ठेवला, पॉवर सत्तरच्या वर गेली पण इंजिन उंच झालं, जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून १९५३ च्या सीजे३बी ला बॉनेटच उंच केलं. अमेरिकेत ते मॉडेल १९६८ मधे बंद झालं, आपल्याकडे महिंद्राने त्यानंतरही बनवत ठेवलं. तर ज्या इंजिनने गाडीला तो चेहरा दिला तेच भंगारात घालायचं हे मला पटत नाही. शिवाय इंजिन बदललं की आरटीओची परवानगी, आरसीवर नोंद, ते वेगळंच.

आता लक्षणं. करूळ घाट उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असतो, खाली येऊन परत पाय दाबला की मागे निळ्या धुराचा लोट. हा धूर बहुतेक वेळा वॉल्व गाइडचा (वॉल्वची दांडी ज्या नळीत सरकते तिचा) असतो, थ्रॉटल बंद असताना इनटेकमधे व्हॅक्यूम जोरात असतो आणि गाइड ढिला झालेला असेल तर तिथून ऑइल ओढलं जातं. पण आमच्या गाडीला चढावर लो गिअरमधे लोड घेतल्यावरही सलग निळा धूर यायचा, ऑइल फिलरचं झाकण काढलं की भसाभस हवा, म्हणजे पिस्टनच्या रिंगासुद्धा गेलेल्या. आणि इंजिन गरम झालं की आयडलला ऑइल प्रेशरचा काटा शून्याला टेकायचा, ह्या इंजिनला आयडलला निदान ६ पीएसआय पाहिजे आणि ताशी ५५ च्या स्पीडला २० च्या वर. नुसतं हँडल मारून बघितलं तरी कळत होतं, चार सिलिंडरपैकी एकाला हाताला अडच लागत नव्हती.

तरी इंजिन उतरवायच्या आधी कंप्रेशन टेस्ट केलीच आणि तुम्हीही करा. आधी कोरडी घ्यायची, मग प्रत्येक सिलिंडरमधे प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घालून परत घ्यायची. ऑइल घातल्यावर आकडा वर गेला तर गळती रिंगांतून आहे, कारण ऑइलने तेवढ्यापुरती फट बंद होते. नाही गेला तर वॉल्व नाहीतर हेड गॅसकेट. आमच्या तीन सिलिंडरांचा आकडा वर गेला, तिसऱ्या नंबरचा जागचा हलला नाही, तिथे एक्झॉस्ट वॉल्व जळलेला असणार हे खोलायच्या आधीच कळलं.

खोलताना ह्या इंजिनची एक गोष्ट माहिती असलीच पाहिजे. हेडचे दिसतील तेवढे सगळे बोल्ट काढले तरी हेड सुटत नाही, कारण एक बोल्ट कार्बोरेटरच्या खाली, इनटेकच्या भोकात लपलेला आहे. इनटेक मॅनिफोल्ड हेडमधेच ओतलेला आहे म्हणून तो तिथे. ज्याला माहिती नाही तो टॉमी घालून हेड उचकटायला जातो आणि पृष्ठभाग खराब करतो, कधी हेडच तडकतं. कार्बोरेटर काढा, भोकात बॅटरी मारून बघा, दिसेल. दुसरी गोष्ट एक्झॉस्ट वॉल्व काढतानाची. बाजूचं टॅपेट कव्हर काढलं की खाली चेंबरकडे (तळाच्या ऑइलच्या टाकीकडे) जाणारी भोकं दिसतात, त्यात आधी फडकी कोंबायची, मगच स्प्रिंग दाबून तिला धरून ठेवणारे लॉक काढायचे. एवढासा लॉक त्या भोकातून पडला की खाली चेंबर खोलल्याशिवाय मिळत नाही.

पिस्टन वर ढकलायच्या आधी बोअरच्या वरच्या कडेला नख फिरवून बघा. जिथे वरची रिंग थांबते तिथे कडा तयार झालेली असते, त्याच्या वर भिंत झिजलेलीच नसते. सगळ्यात जास्त झीज बरोबर त्या कडेच्या खाली, कारण पिस्टन तिथे क्षणभर थांबतो, स्फोटाचं प्रेशर रिंगेच्या मागे जाऊन तिला भिंतीवर दाबतं आणि ऑइलचा थर तिथेच सगळ्यात पातळ. ती कडा रीमरने काढल्याशिवाय पिस्टन ठोकून काढला तर रिंगेची खाच तुटते. कनेक्टिंग रॉडवर नंबर आहेत का बघून घ्या, नसतील तर पंच मारा, रॉड आणि त्याची कॅप ही जोडी कधीही बदलायची नाही.

ब्लॉक आणि क्रँक घेऊन उद्यमनगरात गेलो. तिथल्या एका जुन्या बोअरिंगवाल्या अण्णांकडे मी नेहमी जातो, त्यांचा पहिला प्रश्न होता, "पार्ट आणल्यास काय?" मी नाही म्हणालो. "बरं केलंस बघ. आधी बोअर बघू, मग पिस्टनचं बोलू." मला ह्या पोस्टमधे सांगायचंय ते सगळं अण्णांच्या ह्या वाक्यात आहे. लोक ओव्हरहॉलचा खर्च विचारतात, किट कुठे मिळेल विचारतात, आणि बोअर मोजलेलाच नसतो. रिंगा टाकू, बेअरिंग टाकू, चालेल म्हणतात, आणि अंडाकृती झालेल्या बोअरमधे नवी गोल रिंग घालून वर्षभरात परत धूर.

अण्णांनी डायल बोअर गेज घातला, प्रत्येक सिलिंडर वर, मधे, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी क्रँकच्या दिशेने एकदा, आडवा एकदा. स्टँडर्ड बोअर ३.१२५ इंच. आमचा ब्लॉक आधीच कधीतरी २० साईज झालेला निघाला, म्हणजे २० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढवलेला, आणि त्याच्यावर वरच्या बाजूला १२ थाऊ झीज. मॅन्युअलमधे मर्यादा अशी की वर-खाली १० थाऊच्या वर फरक किंवा ५ थाऊच्या वर लंबगोलपणा असेल तर बोअर करायचा, म्हणजे आमच्यापुढे दुसरा रस्ताच नव्हता. आता हिशोब बघा. २० आणि १२ म्हणजे ३२. ३० साईजचे पिस्टन घेतले असते तर वरचा झिजलेला भाग साफच झाला नसता. सरळ ४० ला जावं लागलं. बाजारातून आधीच ३० चं किट उचलून आणणारे लोक इथेच अडकतात, मग एकतर ते पैसे जातात नाहीतर लेथवाल्याला "जरा ॲडजस्ट कर" म्हणतात आणि तिथे इंजिनची वाट लागते. ६० साईजपर्यंत जाता येतं, त्याच्या पुढे स्लीव घालून परत स्टँडर्डला यायचं, त्यामुळे ब्लॉक मेला असं कोणी पटकन म्हटलं तर ऐकू नका, तडा नाही ना एवढं मात्र बघा. ह्या ब्लॉकमधे एक्झॉस्ट सीट आणि सिलिंडरच्या मधली भिंत खास तपासायची.

पिस्टन आल्यावर अण्णांनी प्रत्येक पिस्टन मोजला आणि बोअर त्या-त्या पिस्टनला धरून केला, वर नंबर टाकले. होनिंगला (दगडाने बोअर घासून घेण्याला) तिरप्या रेघांची जाळी नीट पाडून घेतली, तिच्यात ऑइल टिकतं आणि रिंगा बसतात. होनिंगनंतर ब्लॉक धुवायचा तो गरम पाणी आणि साबणाने, ब्रशने घासून. नुसत्या रॉकेलने दगडाची बारीक भुकटी रेघांतून निघत नाही आणि तीच भुकटी नव्या रिंगा खाते. पांढरं फडकं फिरवून काळं येईना तोपर्यंत धुवा आणि लगेच ऑइलचा हात फिरवा, नाहीतर डोळ्यादेखत गंज चढतो.

क्रँकचे रॉड जर्नल (जिथे रॉड बसतो तो गोल भाग) लंबगोल झालेले, १० अंडरला, म्हणजे १० थाऊ बारीक, ग्राइंड केले. ग्राइंडिंगवाल्याला जर्नलच्या कडेची गोलाई ठेवायला आवर्जून सांगा, कोपरा काटकोनात कापला की क्रँक पुढे तिथूनच तुटतो, आणि ह्या क्रँकला मेन बेअरिंग तीनच आहेत. ऑइलच्या वाटा तारेने, मग हवेने साफ केल्या, आत जो काळा गाळ निघाला तो बघून प्रेशर का मिळत नव्हतं ते कळलं. रॉडमधली बारीक ऑइलची भोकंसुद्धा विसरू नका.

वॉल्वचं काम लोक घाईत उरकतात, तसं करू नका. आपल्याकडे १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं, जुन्या इंजिनात ते शिसं एक्झॉस्ट सीटवर पातळ थर देऊन सीट वाचवायचं. त्यामुळे आमच्या जळलेल्या वॉल्वची सीट बदलून कडक धातूची बसवली, गाइड सगळे नवे, मग लॅपिंग (वॉल्व सीटवर घासून जुळवणं), आणि वॉल्व बसवून वर पेट्रोल ओतून थेंब झिरपतो का ते बघितलं.

बांधताना मागच्या मेन बेअरिंग कॅपच्या दोन्ही बाजूला रबराच्या कांड्या बसतात, त्या पाव इंच बाहेर राहतात. बाहेर दिसतात म्हणून कापायच्या नाहीत! चेंबर आवळल्यावर त्या दाबल्या जातात आणि तेच सील आहे. कॅम आणि क्रँक गिअरचे ठिपके समोरासमोर. ऑइल पंप बाहेरून बसतो, कॅमवर चालतो, आणि त्याच्याच शाफ्टच्या खाचेत पलीकडून डिस्ट्रिब्यूटर बसतो, म्हणून पंप एक दात इकडेतिकडे बसला की टायमिंग जुळतच नाही. पंपात ऑइल भरूनच बसवा. हेडचे बोल्ट मधल्यापासून बाहेरच्याकडे, टप्प्याटप्प्याने ६०-७० फूट-पाउंड, तो लपलेला बोल्ट धरून. टॅपेटची फट थंड इंजिनवर इनटेक १८ थाऊ, एक्झॉस्ट १६. फायरिंग १-३-४-२.

प्लग काढून स्टार्टरने फिरवत काटा हलेपर्यंत प्रेशर बनवलं, मग प्लग लावून चालू केलं. पहिली वीसेक मिनिटं आयडलला सोडायचं नाही, १५०० ते २००० आरपीएममधे वर-खाली ठेवायचं, कॅम आणि टॅपेटला ऑइल उडून मिळतं ते फिरण्यामुळेच. नंतर रस्त्यावर, मधल्या गिअरमधे लोड द्यायचा, सोडायचा, परत द्यायचा, रिंगा अशाच बसतात, हळूहळू चालवून नाही. हेड गरम होऊन थंड झाल्यावर परत टॉर्क केलं. पहिलं ऑइल लवकर काढलं, त्यात जी चमक दिसली ती अपेक्षितच होती, पुढच्याला नव्हती.

आता पेट्रोलमधे २० टक्के इथेनॉल असतं, त्यामुळे फ्युएल पंपचा डायफ्राम आणि रबरी नळ्या सगळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या टाकल्या, आणि मिक्श्चर पातळ पडत होतं म्हणून मेन जेट जरा मोठा केला. गरम इंजिनला आयडलला प्रेशर ठणठणीत आहे, करूळ उतरून पाय दाबला तर मागे धूर नाही. ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सचं) मात्र राहिलंय, त्या स्पायसर १८ ची इंटरमिजिएट शाफ्ट झिजून ऑइल गळतंय, ते पावसाळा संपला की खोलणार, आणि तेव्हाही पहिल्यांदा शाफ्ट घेऊन अण्णांकडेच.